पलीकडच्या तळ्याचं पाणी

मृगाचा पहिला जोरकस पाऊस झाला की मावळात वलगणीचे मासे चढतात. खाचरांचे बांध फुटतात, ओढे लाल होतात आणि त्या लाल पाण्याला तोंड देत मासे वर, शेतांकडे निघतात. वडिवळे आणि आसपासच्या वाड्यांमध्ये ती रात्र झोपायची नसते. बॅटऱ्या, जाळी, टोपल्या, काहीच नसलं तर जुनं लुगडं घेऊन माणसं ओढ्याच्या काठी उभी राहतात. मासा पाण्याच्या उलट का जातो, हे तिथं कुणी विचारत नाही. अंडी घालायला जातो, एवढं पोरांनाही ठाऊक असतं. पाणी कुठं जातं, हा प्रश्न मात्र या भागात विचारण्यासारखा आहे. त्याची उत्तरं दोन आहेत.

वडिवळ्याच्या धरणात पडलेला थेंब पूर्वेला जातो. तो इंद्रायणीला मिळतो, देहू आणि आळंदी पाहतो, तुळापूरला भीमेत शिरतो, उजनीत विसावून पंढरपूरच्या घाटाला लागतो. वारीचाच रस्ता म्हणायचा, फक्त हा वारकरी पंढरपूरला थांबत नाही. रायचूरजवळ तो कृष्णेत जातो आणि आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात. हजाराहून अधिक किलोमीटरची ही चाल. आणि पश्चिमेचा समुद्र? वडिवळ्यापासून मुंबईचं बंदर सरळ रेषेत जेमतेम साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. मधे सह्याद्रीची एक धार आडवी आली म्हणून जवळचा समुद्र परका झाला.

आता पश्चिमेला काही किलोमीटर सरकायचं. तिथं शिरवत्याचं तळं आहे, पुढं वळवण, मग लोणावळा. पाऊस तोच, मातीही तीच, आणि निसर्गाच्या हिशोबानं हे पाणीसुद्धा पूर्वेलाच जाणारं. पण ही तिन्ही तळी टाटांनी बांधली ती त्याची वाट मोडण्यासाठी. बोगद्यातून आणि कालव्यातून पाणी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणायचं, तिथून पाचशे मीटरहून अधिक खोल खोपोलीत सोडायचं आणि त्या धारेवर वीज करायची. १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचं केंद्र सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या मावळच्या पावसावर फिरू लागल्या. १९२२ मध्ये ठोकरवाडीचं पाणी भिवपुरीला उतरलं आणि १९२७ मध्ये मुळशीचं भिऱ्याला. मुळशीच्या वेळी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, ते मराठी वाचकाला सांगायला नको. पुढं कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादापुढंही हे पश्चिमेला वळवलेलं पाणी वादाचा विषय झालं. जमीन, वीज, हक्क या सगळ्यांवर लिहून झालं आहे. वीज करून झाल्यावर त्या पाण्याचं काय होतं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

ते पाताळगंगेत जातं. कोकणातल्या नद्यांचा स्वभाव म्हणजे चार महिने धुमाकूळ आणि होळीनंतर गोट्यांचं वाळवण. पाताळगंगा त्याला अपवाद ठरली, कारण घाटमाथ्यावर साठवलेलं आषाढ-श्रावणाचं पाणी तिला ऐन वैशाखात मिळतं. वाटेत रसायनीचे कारखाने आणि गावांच्या नळयोजना त्यातला वाटा उचलतात. उरलेलं खाडीत उतरतं, त्या खाडीचं तोंड करंजा आणि रेवस यांच्यामधून मुंबईच्या बंदरात उघडतं. भिवपुरीचं पाणी उल्हासमार्गे वसई आणि ठाण्याच्या खाड्यांकडे जातं, भिऱ्याचं कुंडलिकेतून रेवदंड्याला. म्हणजे घाटमाथ्यावरच्या तळ्यांनी कोकणच्या खाड्यांची चव शंभर वर्षांपूर्वी बदलायला घेतली. कुणी ठरवून केलेला हा प्रयोग नव्हता. बंदराच्या पाण्यातली जीवसृष्टी मुंबईत नीट अभ्यासली जाऊ लागली ती रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उभी राहिल्यावर, आणि ती संस्था १९२० ची. पाणी पाच वर्षं आधी पोचलं होतं.

खाडीचा सगळा संसार मिठावर चालतो. समुद्राच्या हजार ग्रॅम पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं, नदीच्या पाण्यात जवळपास नसतंच. या दोन टोकांच्या मधे रोज दोनदा भरती-ओहोटीची ओढाताण, त्यात वर्षातून चार महिने पावसाचा लोंढा. एकाच खडकावर चिकटून राहिलेल्या जिवाला मे महिन्यात खारट समुद्र आणि जुलैत गढूळ गोडं पाणी सोसावं लागतं. ज्याला हे जमतं तो बंदरात राहतो. ज्याला जमत नाही तो बाहेर, खुल्या समुद्रात जातो किंवा मरतो.

अभ्यास करणाऱ्यालाही हे वेळापत्रक पाळावं लागतं. खाडीत उतरायचं तर आधी भरतीचा हिशोब. मच्छीमारांचं गणित सोपं आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या. चंद्र रोज साधारण पाऊण तास मागे पडतो, त्याचंच हे गणित. शास्त्रज्ञाकडे छापील तक्ता असतो, पण होडीवर तांडेलाचं बोट आकाशाकडे गेलं की तक्ता खिशात जातो. उधाणाच्या दिवशी मुंबईत पाण्याची उंची पाच मीटरच्या घरात जाते. तेच भांगाच्या दिवशी पाणी सुस्त असतं, हललं न हललं. एकाच जागेचा नमुना उधाणाला घेतला आणि भांगाला घेतला तर दोन वेगळ्या खाड्या पाहिल्यासारखं वाटतं. त्यामुळे नमुन्याच्या बाटलीवर तारीख लिहून भागत नाही, भरतीची घटकाही लिहावी लागते.

मग कामाला सुरुवात. बारीक जाळीची पिशवी पाण्यातून ओढली की तळाच्या बाटलीत पिवळट धूसर काहीतरी जमतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या धूसरपणात खेकड्यांची, कोलंबीची, कालवांची पोरं वळवळताना दिसतात. तळाचा गाळ लोखंडी जबड्यानं उचलायचा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा. चिखल निघून जातो, मागे किडे, शिंपल्यांची पिल्लं आणि प्लॅस्टिकचे कपटे राहतात. पाण्यात प्राणवायू किती, हे पाहण्याची रीत विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं १८८८ मध्ये दिली. आता यंत्रं आली तरी त्यांचा आकडा पडताळायला ती अजून वापरतात. बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. त्यात मँगेनीजचं द्रावण, मग आयोडाइड घातलेला अल्कली. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. जितका प्राणवायू जास्त तितका साका गडद. शहराच्या सांडपाण्यानं गुदमरलेल्या खाडीत कधीकधी तो पांढराच राहतो. आकडा नंतर प्रयोगशाळेत निघतो, पण होडीत बसलेल्या सगळ्यांना त्या पांढऱ्या रंगावरून कळायचं ते कळलेलं असतं.

रॉयल इन्स्टिट्यूटमध्ये प्राणिशास्त्राचे प्राध्यापक असलेले पी. आर. आवटी आणि त्यांचे सहकारी राय यांनी १९३१ मध्ये मुंबईच्या कालवावर एक संपूर्ण ग्रंथिका लिहिली. एका शिंपल्यावर पुस्तक! पण ज्यानं मुंबईच्या किंवा अलिबागच्या खडकांवर ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायका पाहिल्या आहेत, त्याला याचं आश्चर्य वाटू नये. खडकाला सिमेंटसारखं चिकटलेलं ते ओबडधोबड कवच कुठं फोडायचं हे त्या हातांना पाठ असतं. आत एवढासा मऊ गोळा. आवटी-राय यांनी त्या गोळ्यातल्या नळ्या, कल्ले आणि जनन-ग्रंथी उलगडून मांडल्या. कालवं काढणारीचं ज्ञान कवचाशी थांबतं आणि प्राध्यापकाचं कवच फुटल्यावर सुरू होतं. दोघांची गाठ मात्र क्वचितच पडली असेल, आणि हे मुंबईच्या विज्ञानाचं एक जुनं दुखणं आहे.

याच शहरात पुढच्या दशकात एका मराठी तरुणाच्या हाती एक मासा आला. सी. व्ही. कुलकर्णी हे त्याचं नाव. पुढं ते महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक झाले. मासा जेमतेम दोन सेंटिमीटरचा आणि काचेसारखा पारदर्शक. मुंबई प्रांताच्या खाड्यांत, मचूळ पाण्याच्या डबक्यांत, वरच्या थरात तो झुंडीनं फिरत होता. खाडीकाठच्या माणसाच्या तो रोज पायाशी होता, पण बाजारात त्याला किंमत नव्हती. त्यामुळे त्याला नावही नव्हतं. कुलकर्णींनी १९४० मध्ये त्याचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव दिलं होराइक्थिस सेटनाय. पहिला शब्द भारतीय मत्स्यशास्त्राचे आचार्य सुंदरलाल होरा यांच्यासाठी, दुसरा मुंबई सरकारचे मत्स्याधिकारी डॉ. सेटना यांच्यासाठी.

नाव देऊन काम संपवता आलं असतं. कुलकर्णींनी मासे जिवंत ठेवून पाहिले, आणि खरी गंमत तिथं होती. या जातीच्या नराचा शेपटीकडचा खालचा पर बदलून त्याचं एक विलक्षण गुंतागुंतीचं अवजार झालेलं असतं. बहुतेक मासे अंडी आणि शुक्र पाण्यात मोकळे सोडतात आणि पुढचं दैवावर टाकतात. हा चिमुकला मासा शुक्रपेशींची काटेरी टोकाची पुडी बांधतो आणि ती मादीच्या अंगावर नेमक्या जागी टोचतो. मग मादी फळलेली अंडी घालते. भरती-ओहोटीच्या ओढीत सगळं वाहून जायच्या जागी असा बंदोबस्त का सुचला असेल, याचा अंदाज करायला मजा येते. कुलकर्णींना हा मासा इतका वेगळा वाटला की त्यांनी त्याच्यासाठी स्वतंत्र कुळ मांडलं. नंतरच्या अभ्यासकांनी ते कुळ मोडलं आणि त्याला भातखाचरातल्या माशांच्या ओरायझियस या गणात बसवलं. जपानी प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वाढवला जाणारा मेडाका हा त्याचा चुलतभाऊ. कच्छपासून केरळपर्यंतच्या खाड्यांत तो आजही आहे. तिवरांच्या मुळांशी, उथळ पाण्यात बराच वेळ टक लावून पाहिलं तर आधी डोळे दिसतात, मासा नंतर.

खाडीत किंमत असलेला मासा वेगळा. पेण-अलिबागकडे जिताड्याचं नाव काढलं की माणसं सरसावून बसतात. खारबांधाआडच्या खाजणांत, गावच्या तळ्यांत जिताड्याची पिल्लं सोडून वाढवायची रीत तिथं जुनी आहे, आणि जावयासमोर जिताडा आला नाही तर सासुरवाडीची अब्रू जाते. चविष्ट गप्पांत एक गोष्ट मात्र सहसा येत नाही: ताटातला लहान जिताडा बहुधा नर असतो आणि भलामोठा बहुधा मादी. हा मासा आधी नर म्हणून प्रौढ होतो, काही वर्षांनी मादी. अंडी खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात. पिल्लं भरतीबरोबर आत, कमी खाऱ्या पाण्यात. म्हणजे त्याला समुद्रही लागतो, खाजणही लागतं, आणि दोन्हींच्या मधली वाट मोकळी लागते. मोठे जिताडे तेवढे काढत गेलं तर खाडीतल्या माद्या संपतात, हा साधा हिशोब वजनकाट्यावर दिसत नाही.

मुंबईच्या गोद्यांमध्ये अभ्यासाचं साधन याहून साधं होतं. लाकडाची, काचेची किंवा धातूची एक पट्टी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि वाट पाहायची. पहिल्या काही तासांत तिच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. काही दिवसांनी बार्नेकलची पोरं येतात. हा प्राणी खेकडा-कोलंबीचा नातेवाईक. लहानपणी सहा वेळा कात टाकत पाण्यात हिंडतो, मग एका विशेष अवस्थेत बसायची जागा हुंगत फिरतो, पसंत पडली की डोकं टेकवून सिमेंट सोडतो आणि जन्मभर तिथंच उलटा राहून पायांनी जेवतो. बंदरांत सर्वत्र सापडणाऱ्या एका पट्टेरी बार्नेकलचं नामकरण चार्ल्स डार्विननं १८५४ मध्ये केलं. उत्क्रांतीवर पुस्तक लिहिण्याआधीची आठेक वर्षं त्यानं या प्राण्यांत घालवली होती. जहाजाच्या तळाला असे हजारो सोबती चिकटले की वेग उतरतो आणि इंधन वाढतं. म्हणून पट्टीवर काय बसलं हे मोजायची चिंता आधी प्राणिशास्त्रज्ञांपेक्षा नौदलाला. त्यांची रासायनिक आणि धातुशास्त्रीय प्रयोगशाळा १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत सुरू झाली. आज तिची वारस संस्था अंबरनाथला आहे. आणि जहाजांची इंजिनं सांभाळणारे नौसैनिक शिकतात ते कुठं, तर लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत, १९४५ पासून. समुद्रापासून सहाशे मीटर उंचीवर, धुक्यात.

या पट्ट्यांवर १९७० च्या दशकात एक अनोळखी शिंपला येऊन बसला. बोटाच्या पेराएवढा, काळपट, झुपक्यांनी वाढणारा. मायटिलोप्सिस सॅली त्याचं शास्त्रीय नाव, मूळ घर अटलांटिकपलीकडे, कॅरिबियनच्या बाजूला. भारतात तो आधी विशाखापट्टणमला दिसला, १९६७ मध्ये. मग मुंबईत. नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या दोघा संशोधकांनी १९७५ च्या लेखात त्याला भारतीय बंदरांत नुकताच आलेला स्थलांतरित म्हटलं. जहाजाच्या तळाला चिकटून आला असेल, किंवा जहाजाच्या पोटातल्या पाण्यातून. पण आल्यावर तो का टिकला, याचं उत्तर मिठात आहे. पावसाळ्यात गोदीतलं पाणी गोडावतं तेव्हा पट्टीवरचे कितीतरी रहिवासी मरून गळतात. या पाहुण्याला खारट, मचूळ, जवळपास गोडं, सगळंच चालतं. मोकळ्या झालेल्या जागेवर तो आपला संसार वाढवतो.

हाच शिंपला १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहराच्या बोटींच्या तळांवर निघाला. तिथल्या सरकारनं ते तळ बंद केले, पाण्यात ब्लीच आणि मोरचूद ओतलं आणि काही आठवड्यांत आतलं सगळं जिवंत मारून टाकलं. शिंपला संपला. त्या बंदराला डार्विनचं नाव १८३९ मध्ये बीगल जहाजावरच्या त्याच्या जुन्या सोबत्यांनी दिलं होतं. बार्नेकलांत आठ वर्षं घालवलेल्या माणसाच्या नावाचं बंदर विषानं धुतलं जावं, हे जरा विचित्रच. मुंबईत असा उपाय कुणी सुचवलासुद्धा नसता. रोजची जहाजं, भाऊचा धक्का, ससून डॉकचा बाजार, कोळीवाडे, यातलं काय आठवडाभर बंद ठेवणार?

जहाजाच्या पोटातलं पाणी ही या सगळ्याची मोठी वाट. माल उतरवलेलं जहाज हलकं होऊन डोलू नये म्हणून ते टाक्यांत बंदराचं पाणी भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना सोडून देतं. जगभरात वर्षाला काही अब्ज टन पाणी असं इकडचं तिकडं होतं, आणि त्याबरोबर त्यातली पोरंबाळं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००० ते २००४ या काळात यावर जो कार्यक्रम राबवला, त्यासाठी सहा देशांतली सहा ठिकाणं निवडली. भारताचं ठिकाण मुंबई. गोव्याच्या दोनापावल्याहून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं आली आणि त्यांनी मुंबई आणि न्हावाशेवाच्या धक्क्यांवर खरवडून, चाळून, मोजून बंदरात आज कोण राहतं याची पाहणी केली. उद्या नवा कुणी आला तर तो नवा आहे हे सांगायला आजची यादी हवी, इतकाच साधा विचार. पाण्याच्या या वाहतुकीवरचा करार २००४ मध्ये झाला आणि अमलात यायला ८ सप्टेंबर २०१७ उजाडला. शिंपल्याला एवढा वेळ लागत नाही.

पण नेआण फक्त जहाजंच करतात असं नाही. इथं पुन्हा कुलकर्णी येतात, आणि आता मुंबईत नाही, लोणावळ्यात.

सरकारी नोकरीनंतरच्या काळात त्यांनी वळवणच्या तळ्याकाठी, टाटांच्या मत्स्यकेंद्रात, महाशीर वाढवायला घेतला. दोन सेंटिमीटरच्या काचेच्या माशापासून सुरुवात केलेला माणूस आता मीटरभर लांबीच्या माशाकडे वळला होता. महाशीरचं पोर फार नाजूक. अंडी मोठी, पण थोडी; त्यांना थंड, वाहतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं, गाळ बसला की ती दगावतात. धरणांनी नद्यांचे खळाळ बुडवले तशी या माशाची बाळंतपणाची जागाच गेली. एस. एन. ओगले यांच्याबरोबर कुलकर्णींनी हातानं अंडी काढून फळवण्याचं तंत्र बसवलं आणि १९७१ पासून ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडत गेले. या कामातली सगळ्यात देखणी युक्ती १९७९ ची: ही अंडी पाण्यात न ठेवता ओल्या कापसात गुंडाळून विमानानं पाठवता येतात. सह्याद्रीतल्या नदीचा मासा कापसाच्या घडीत बसून आकाशातून जातो, ही कल्पना कुणाही लेखकाला सुचली नसती.

लोणावळ्याची पिल्लं देशभर गेली. कितीतरी नद्यांमध्ये महाशीर दिसू लागला, आणि धोक्यात गणला जाणारा हा लोणावळ्याचा महाशीर, टॉर खुद्री, अलीकडे आंतरराष्ट्रीय यादीत सुरक्षित रकान्यात सरकला. ही या कामाची कमाई. कावेरीत मात्र हिशोब उलटा झाला. तिथला स्वतःचा महाशीर वेगळा होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सगळ्यात अवाढव्य महाशीरांपैकी एक. १९७० च्या दशकात तिथं लोणावळ्याहून आलेली खुद्रीची पिल्लं सोडायला सुरुवात झाली. पुढच्या काही दशकांत गळाला खुद्री जास्त लागू लागला आणि कुबडवाला दिसेनासा. अभ्यासकांनी मासेमारीच्या जुन्या नोंदींमधून हे दाखवून दिलं, आणि २०१८ मध्ये कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली: टॉर रेमादेवी. ओळख पटली तेव्हा तो अतिसंकटग्रस्त झालेला होता. गोदीतला शिंपला कुणाच्या ध्यानीमनी नसताना आला. कावेरीतला खुद्री प्रेमानं, पत्रव्यवहार करून, भेट म्हणून गेला. त्या काळी मासा म्हणजे मासा, नदी म्हणजे नदी, असंच सरसकट मानलं जात होतं. त्यामुळे कुलकर्णींना दोष देणं सोपं आहे आणि थोडं खोटंही. परिणाम मात्र दोन्हीकडे एकाच जातीचा.

खुद्रीचं नाव सापडतं ते विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखनात. १८२० च्या दशकात तो मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता, आणि पुण्याच्या आसपासच्या नद्यांत कोणते मासे आहेत हेही लिहून ठेवत होता. नवीन मासा मिळाला की पुष्कळदा त्यानं कोळ्यांकडून ऐकलेलं नावच लॅटिन रूपात ठेवलं. खुद्री, नुक्ता, कोळूस, फुलुंगी, बालुकी: आज जगभरच्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर हे मराठी शब्द चिकटवलेले आहेत, आणि ते मराठी आहेत हे तिथल्या बहुतेकांना ठाऊक नाही. १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या यादीत एक अहीरही होता, सापासारखा लांब. मुंबईच्या माजी गव्हर्नराच्या सन्मानार्थ साइक्सनं त्याला एल्फिन्स्टनचं नाव दिलं. ते नाव टिकलं नाही, कारण तीच जात आधीच बंगालच्या नावानं नोंदली गेली होती.

अहिराचा हिशोब वलगणीच्या माशाच्या बरोबर उलटा. तो वाढतो नदीत, वर्षानुवर्षं, डोहाच्या दगडाखाली. अंडी घालायला समुद्रात जातो, खोल हिंदी महासागरात, आणि परत येत नाही. परत येतात ती पोरं. आधी झाडाच्या पानासारखी चपटी, मग किनारा जवळ आल्यावर काचेच्या धाग्यासारखी, डोळे सोडले तर सगळी आरपार. नदीच्या मुखाशी ती गोड्या पाण्याच्या वासावर आत शिरतात. साइक्सनं पाहिलेले दख्खनचे अहीर कुठून आले असतील? सह्याद्री त्यांना चढता येत नाही, आणि खोपोलीचं पाणी तेव्हा नव्हतंच. ते आले ते पूर्वेकडून, कृष्णेच्या मुखातून, रायचूर, पंढरपूर, तुळापूर अशी उलटी वारी करत. पारदर्शक माशाच्या शोधात कुलकर्णी पश्चिमेच्या खाड्यांत उतरले. पारदर्शक मासा पूर्वेच्या समुद्रातून मावळच्या दिशेनंही निघत होता.

आता त्या वाटेवर विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आहे, १९६७ चं नागार्जुनसागर आहे, मग श्रीशैलम, वर १९८० ची उजनी. भिंती एकामागून एक. शेवटची लहानशी भिंत वडिवळ्याची. मृगाच्या रात्री तिच्याखालच्या ओढ्यांतून वलगण चढते तेव्हा बॅटरीच्या झोतात कोळसे, मळवे, खवल्या उड्या मारताना दिसतात. कुणीतरी टोपली पाण्याला लावून धरतं, कुणी दगडांच्या फटीत हात घालून चाचपतं. हाताला लांब, गुळगुळीत काही लागलं तर आधी साप म्हणून हात मागे येतो. मग काठावरचा म्हातारा बॅटरी खाली धरायला सांगतो आणि वाकून पाहतो.